जाताना सायकलवर, येताना कसं?

पत्राचा सारांश: वाचक चाळिशीतल्या आहेत. त्यांचा नऊ जणांचा सायकलिंगचा ग्रुप आहे. दर रविवारी सकाळी ४०-५० किलोमीटर आणि मग गप्पा, असा शिरस्ता. दहा आठवड्यांनी १२० किलोमीटरवरच्या एका शहरात दोन दिवसांचा बिअर महोत्सव भरतोय आणि तिथे सायकलने जायचं ठरलंय. शनिवारी पहाटे ५ ला निघायचं, दुपारी १ पर्यंत पोचायचं, रात्रीपर्यंत महोत्सव आणि रविवारी सकाळी ६ ला पुन्हा सायकलवर बसून घर गाठायचं. नियोजन आपसूक यांच्या गळ्यात पडलंय. ग्रुपमधल्या दोघी नव्या आहेत, मध्येच गाडीने परतत असल्यामुळे ३५ किलोमीटरच्या पुढे कधी गेलेल्या नाहीत. दोघं असे आहेत की पहिल्या चढानंतर ते कुणाला दिसतच नाहीत. आणखी दोघांनी ‘वाटेत एकेक होऊन जाऊ दे’ असं आत्तापासून जाहीर केलंय. सगळ्यांत अनुभवी मित्राने दीड वर्षापूर्वी दारू सोडली आहे. त्याला अवघड वाटू नये म्हणून बेत अजून त्याच्या कानावरच घातलेला नाही. घरचे म्हणतात, हा वेडेपणा आहे. त्या विचारतात: ‘सगळे एकत्र जाऊ आणि एकत्रच परत येऊ, तेही सायकलवर. नाहीतर त्यात मजा काय? हे जमवायचं कसं?’

नमस्कार,

घरचे पूर्णपणे चुकीचे नाहीत. पण त्यांना वेडेपणा दिसतोय तो १२० किलोमीटरमध्ये, आणि तिथे तो नाही. दर रविवारी चाळीस-पन्नास चालवणाऱ्या धडधाकट माणसाला दहा आठवड्यांच्या तयारीवर सेंच्युरी आणि वर वीस हे जमण्यासारखं आहे. तुमच्या बेतातली धोक्याची ओळ एकच आहे: रविवार, सकाळी ६.

ही ओळ कुठून आली असेल याचा मी विचार करत होतो. तुमच्या पत्रात सायकलवर परत येण्याचं कारण कुठेच नाही. ते गृहीत आहे. गेलो सायकलने तर यायचंही सायकलने, नाहीतर राइड अर्धी राहिली, अशी काहीशी भावना. पण तुम्ही आखलंय ते मुळात दोन वेगवेगळे कार्यक्रम आहेत. एक लांबची राइड, एक महोत्सव. दोन्ही छान आहेत. ते एकमेकांच्या अंगावर पडले की दोन्ही बिघडतात, आणि त्यातला एक रस्त्यावर बिघडतो.

थोडा हिशेब करू, कारण या विषयात अंदाजाने बोलण्याची सगळ्यांना सवय असते. पाच टक्के अल्कोहोलची अर्धा लिटर बिअर घ्या. त्यात साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निकामी करतं. हा वेग कॉफीने, गार पाण्याच्या आंघोळीने किंवा ‘घामावाटे निघून जाईल’ या श्रद्धेने वाढत नाही. आता एखाद्याने संध्याकाळी ५ पासून रात्रीपर्यंत असे पाच ग्लास घेतले तर झाले १०० ग्रॅम. ते संपायला १० ते १४ तास, म्हणजे पहाटे ३ ते सकाळी ७. हे साध्या बिअरचं. महोत्सवात लोक साधी बिअर प्यायला जात नाहीत, तिथे सात टक्क्यांची आयपीए (कडवट बिअर) असते, नऊ-दहा टक्क्यांची स्टाउट (काळी बिअर) असते. सात टक्क्यांच्या पाच ग्लासांत अल्कोहोल १४० ग्रॅमच्या जवळ जातं, आणि मग शरीर मोकळं व्हायला रविवारची सकाळ किंवा दुपारसुद्धा उजाडते. चवीपुरते मिळणारे छोटे ग्लासही फसवे असतात. साडेआठ टक्क्यांच्या बिअरचा १५० मिलीचा नमुना आणि साध्या बिअरचा पाव लिटर यांत अल्कोहोल सारखंच, १० ग्रॅम. असे आठ नमुने चाखलेला माणूस ‘मी तर नुसतं चाखलं’ असं मनापासून म्हणत असतो.

तेव्हा सकाळी ६ ला तुमच्यातले काही जण झोपेतून उठलेले असतील, पण शुद्धीवर पूर्ण आलेले नसतील. त्यात झोपही अर्धवट, कारण दारूने डोळा लवकर लागतो आणि उत्तररात्री झोप मोडत राहते. पायांत आदल्या दिवसाचे १२० किलोमीटर. अशा अवस्थेत नऊ जणांनी एकामागे एक चाकाला चाक लावून जायचं? ताशी २५ च्या वेगाने सायकल सेकंदाला सात मीटर जाते. पुढच्याशी अंतर एक मीटरचं असेल तर चुकीला जागा सेकंदाच्या सातव्या भागाएवढी.

‘सायकल आहे, गाडी थोडीच आहे’ हे वाक्य तुमच्या ग्रुपमध्ये कुणीतरी म्हणणारच. कायद्याला ते सगळीकडे मान्य नाही. जर्मनीत रक्तात १.६ प्रति हजार एवढं अल्कोहोल असताना सायकल चालवणं हा फौजदारी गुन्हा आहे, आणि चालवणं वेडंवाकडं असेल किंवा अपघात झाला तर ०.३ पासूनच तो लागू शकतो. जपानने नोव्हेंबर २०२४ पासून दारूच्या अमलाखाली सायकल चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. तुम्ही जिथे जाताय तिथला नियम निघण्याआधी बघून घ्या. तो सैल निघाला तरी तोल जायचा तो जातोच.

मग परत कसं यायचं? माझी पसंती सांगतो: जाताना सायकल, येताना व्हॅन. सामानाची मोठी व्हॅन सायकलींसाठी, माणसं बस किंवा ट्रेनने. बहुतेकांना हे खर्चिक वाटतं, पण नऊ जणांत वाटून बघा. शिवाय तीच व्हॅन शनिवारी तुमच्या मागून आली तर कपडे, जास्तीचं पाणी आणि थकलेला माणूस, सगळ्यांची सोय होते. सायकली आडव्या रचणार असाल तर मागच्या डिरेलरची (गियर बदलणाऱ्या यंत्रणेची) बाजू वर ठेवा, पेडल काढा, दोन सायकलींमध्ये जुनी चादर घाला. डिरेलर ज्याला अडकवलेला असतो तो हँगर वाकला की घरी येऊन गियर का अडकतात याचा शोध आठवडाभर चालतो.

सायकलनेच परतायची हौस कुणाला खरोखर असेल तर ती मारायची गरज नाही, दिवस वाढवायचा. रविवार आरामाचा, पायी हिंडण्याचा आणि बिनदारूचा, परतीचा प्रवास सोमवारी. किंवा बेत उलटा करा: शुक्रवारी संध्याकाळी सायकलींसकट गाडीने जा, शनिवारी महोत्सव, रविवारी विश्रांती, सोमवारी सायकलने घरी. हा बेत मला तर जास्तच आवडतो, कारण राइड संपते ती स्वतःच्या दारात. पण त्याला सोमवारची रजा लागते आणि नऊ जणांच्या रजा एका दिवशी जुळवणं हे १२० किलोमीटरपेक्षा अवघड काम आहे.

आता ‘एकत्र’ या अटीकडे येऊ. एकत्र म्हणजे सगळ्यांनी तेवढंच अंतर तेवढ्याच वेगाने कापायचं, असं तुम्ही धरून चाललाय. त्या दोघी नव्या मैत्रिणींना विचारलंय का, त्यांना पूर्ण १२० करायचे आहेत की तुमच्यासोबत असायचं आहे? साठाव्या किलोमीटरला व्हॅनमधून उतरून पुढचा निम्मा रस्ता तुमच्याबरोबर आलेली मैत्रीण संध्याकाळच्या टेबलावर काही कमी हक्काने बसत नाही. हा पर्याय मात्र सगळ्यांसमोर सगळ्यांसाठी ठेवा. फक्त त्या दोघींना बाजूला घेऊन सांगितलंत तर ती सवलत होते आणि सवलत घ्यायला कुणालाच आवडत नाही.

त्यांना पूर्ण अंतर करायचंच असेल तर दहा आठवडे पुरेसे आहेत, पण उद्यापासून सुरुवात करावी लागेल. आठवड्यातली एक लांब राइड साधारण अशी वाढवत न्या: ४०, ५०, ६०, मग एक आठवडा ४५ वर उतरून दम घ्यायचा, पुढे ७०, ८०, पुन्हा ६०, आणि महोत्सवाच्या दोन आठवडे आधी ९५. त्यानंतर ६०, आणि शेवटच्या आठवड्यात पाय हलते राहतील एवढंच. पंचाण्णव केलेल्याला एकशेवीस होतात. मधल्या आठवड्यात दोन छोट्या राइड असल्या तर उत्तम. सीटची उंची आत्ताच नीट करून घ्या. पॅडची सायकलिंग शॉर्ट घ्या आणि ती आतल्या कपड्याशिवायच घालायची असते हे नव्यांना कुणीतरी स्पष्ट सांगा, संकोचापायी हे सांगायचं राहतं आणि सत्तराव्या किलोमीटरला कळतं.

जोरात जाणाऱ्या दोघांचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. त्यांना काम द्या. एकाला पुढे ठेवा, पण वेग ठरवणार तो नाही, ठरवणार शेवटचा माणूस. दुसऱ्याला शेवटी ठेवा. कुणीही त्याच्या मागे राहायचं नाही, पंक्चरचं सामान त्याच्याकडे. सपाटीवर दुसऱ्याच्या मागे चालवणाऱ्याचे कष्ट चांगलेच कमी होतात. बलवान माणूस पुढे राहून वारा अंगावर घेत असेल तर त्याचाही व्यायाम होतो आणि मागचेही टिकतात. फक्त त्याला गणित समजावून सांगा: ताशी २० वरून २४ वर गेलं की हवा कापायला लागणारी ताकद पावणेदोन पटीच्या जवळ जाते. त्याला जो थोडासा जोर वाटतो तो नवीन माणसाला संपवणारा असतो. चढावर सगळ्यांनी आपापल्या चालीने जावं आणि माथ्यावर थांबावं. थांबलेल्यांनी, शेवटचा पोचल्या पोचल्या निघायचं नाही. पुढचे पंधरा मिनिटं बसून ताजेतवाने, आणि धापा टाकत आलेला तसाच पुढे, हे जवळजवळ प्रत्येक ग्रुपमध्ये घडतं.

तुमचं वेळापत्रकही थोडं आशावादी आहे. चालता वेग ताशी १७-१८ धरला तर नुसतं पेडल मारायलाच सात तास होतात. नऊ जणांचा पाच मिनिटांचा थांबा वीस मिनिटांखाली संपत नाही. असे चार-पाच थांबे, एक जेवण, एखादं पंक्चर. पहाटे ५ ला निघून अडीचला पोचलात तरी छान गेलात म्हणायचं. एकचा हट्ट धराल तर शेवटचे तीस किलोमीटर सगळे घड्याळाकडे बघत आणि एकमेकांवर चिडत चालवतील. महोत्सवात ५ ला जायचं ठरवा, मधले अडीच तास राखून ठेवा.

ते अडीच तास मी मुद्दाम मागतोय. एवढ्या लांब राइडनंतर स्नायूंतली आणि यकृतातली साखरेची साठवण बरीचशी रिकामी झालेली असते. एरवी यकृत नवीन साखर तयार करून रक्तातली पातळी सांभाळतं. पोटात अल्कोहोल गेलं की यकृत त्याच्या मागे लागतं आणि हे साखर बनवण्याचं काम मंदावतं. रिकाम्या पोटी पहिला ग्लास घेतलेल्या सायकलस्वाराला घाम, थरथर, गरगर, बरळणं असं काही झालं तर सोबतचे म्हणतात, ‘चढली याला’. कधी कधी ती चढलेली नसते, साखर उतरलेली असते. मधुमेहाची औषधं, विशेषतः इन्सुलिन घेणारं कुणी तुमच्यात असेल तर त्याने या बेताबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलायला हवं आणि शेजारी बसणाऱ्याला हे माहीत हवं. म्हणून क्रम असा: सायकली कुलपात, आंघोळ, भरपूर पाणी, पोटभर जेवण (पिष्टमय पदार्थ जास्त, सोबत प्रथिनं), जमलं तर डुलकी, आणि मग महोत्सव. तोही पायी. मुक्काम मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर मिळतोय का हे सगळ्यांत आधी पाहा. महोत्सवाच्या दिवसांत अशा खोल्याच आधी भरतात. सायकली खोलीवर ठेवल्या की ‘आता दोनच किलोमीटर तर आहेत’ हा रात्री अकराचा मोह उरत नाही, आणि गर्दीत सायकल चोरीला जायची काळजीही नाही.

आणखी एक. तुमच्या ग्रुपमध्ये स्त्रिया आणि पुरुष दोन्ही आहेत. स्त्रीच्या शरीरात पाण्याचं प्रमाण सर्वसाधारणपणे कमी असतं, त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या पुरुषाएवढी बिअर घेतली तरी रक्तातलं प्रमाण जास्त चढतं. सगळ्यांसाठी एकेक राउंड मागवायची पद्धत टाळा. ज्याला जे हवं ते त्याने मागवावं. निम्मी बिअर आणि निम्मं लेमोनेड घालून केलेलं राडलर मिळत असेल तर ते वाईट नाही, ग्लास तेवढाच, अल्कोहोल निम्मं.

वाटेत ‘एकेक’ घेणाऱ्यांशी रस्त्यावर वाद घालायचा नाही. तिथे तुम्ही हरणार, कारण ऊन असेल, तहान असेल आणि बाटली समोर असेल. आजच ग्रुपवर एक ओळ टाका: सायकली कुलपात जाईपर्यंत दारू नाही, ज्याने घेतली त्याची सायकल व्हॅनमध्ये, तो कुणीही असो. कारण विचारलं तर सांगा की तुझ्या मागे दुसऱ्याचं चाक आहे. ‘एकाने मला काही होत नाही’ असं म्हणणाऱ्याचं म्हणणं खरंही असेल, पण त्याच्या मागचा माणूस त्या खात्रीवर का विसंबेल? एखादा या अटीवर रुसून येणार नसेल तर आठ जणांची राइडही चांगली होते.

सगळ्यांत जास्त मी अडकलो ते तुमच्या त्या मित्रापाशी. त्याला सांगायचं नाही, हे तुम्ही त्याच्या भल्यासाठी ठरवलंय याबद्दल मला शंका नाही. पण त्याच्या बाजूने बघा. दर रविवारी ज्यांच्यासोबत सायकल चालवतो ती माणसं दहा आठवडे एका बेताची तयारी करतात आणि तो आला की विषय बदलतात. हे त्याला कळणार, कदाचित कळलंही असेल. तेव्हा तो काय समजेल? दारू सोडली म्हणून मित्रही सुटले, एवढंच. दीड वर्ष ज्याने रोज स्वतःचा निर्णय स्वतः घेतलाय, त्याच्या वतीने हा एक निर्णय तुम्ही का घ्यायचा?

त्याला सांगा. ग्रुपवर नव्हे, समोर बसून किंवा फोनवर. बेत जसा आहे तसा सांगा, महोत्सव बिअरचा आहे हे गुळगुळीत न करता. मग दोन गोष्टी वेगळ्या करून ठेवा: राइडला त्याने यावं असं तुम्हाला वाटतं, आणि संध्याकाळी काय करायचं ते सर्वस्वी त्याच्यावर. तो राइड करून त्याच संध्याकाळी परत जाऊ शकतो. मुक्कामी राहून महोत्सव टाळू शकतो, आणि तसं असेल तर जेवणाला त्याला सोबत करणारं कुणीतरी आपणहून थांबावं. तो येऊन पाण्याचा ग्लास घेऊन बसूही शकतो. किंवा तो सरळ नाही म्हणेल. ते कारण न विचारता मान्य करा आणि लगेच पुढच्या महिन्यातली एखादी दुसरी लांब राइड त्याच्याबरोबर ठरवा, जिच्या शेवटी महोत्सव नाही.

एक पथ्य मात्र नक्की पाळा. तो येतोय म्हटल्यावर कुणाच्या तरी तोंडून निघेल, ‘बरं झालं, हा पीत नाही, हा आपल्याला सांभाळेल’. हे होऊ देऊ नका. आठ झिंगलेल्या माणसांना खोलीवर आणण्याचं काम त्याला देणं म्हणजे त्याला आठ वेळा परीक्षेला बसवणं. व्हॅनची किल्लीही त्याच्या हातात द्यायची नाही.

राहता राहिलात तुम्ही. पत्रात सगळ्यांच्या अडचणी आहेत, तुम्हाला या दोन दिवसांत काय हवंय याचा उल्लेख नाही. शनिवारभर नऊ जणांची मोजदाद करून संध्याकाळी तुम्हालाही निवांत बसून एखादी चांगली बिअर घ्यायची असेल, तर मैदानातल्या काळजीचं काम आधीच दुसऱ्या कुणाकडे द्या. कोण कुठे आहे, किती वाजता निघायचं, कुणाला खोलीवर पोचवायचं, हे पाहणारा एक माणूस त्या रात्रीपुरता ठरवा आणि त्याने त्या दिवशी हात राखून प्यायचं किंवा प्यायचंच नाही. तसं करायला कुणी तयार झालं नाही तर तेही आत्ताच कळलेलं बरं. तो माणूस व्हॅनचा चालक नको. त्याला रविवारी गाडी चालवायची आहे आणि वर केलेला हिशेब त्यालाही लागू आहे, त्याने शनिवारी दारूला हात लावायचा नाही आणि रात्री वेळेवर झोपायचं. चालक तुमच्यातलाच कुणी असण्यापेक्षा बाहेरचा ठरवा, त्याचे पैसे आणि त्याची झोपायची खोली खर्चात धरा.